ब्रुनोची राखण

गणू कुंपण ओलांडून अंगणात आला आणि ब्रुनो भुंकला नाही. तिथंच मंगेशच्या मनात पाल चुकचुकली.

भुंकणं राहिलं बाजूला, ते काळं धूड गणूपुढं चक्क उताणं पडलं. गणूनं त्याचं पोट खाजवलं, ओट्यावर चार काकड्या ठेवल्या, "कधी आलास रे मंगेश?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या आपल्या घरी गेला.

शिमग्याला हा रॉटवायलर कुत्रा मंगेशनंच मुंबईहून आणला होता. "लय डेंजर जात हाय. घरच्याशिवाय कुणाला फिरकू देत नाय," असं त्यानं पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या वाडीला बजावून सांगितलं होतं. बायकोला, सेजलला म्हणाला, चोराचिलटांसाठी हाय. खरं कारण पोटातच ठेवलं. बायको तरणी, घरात एकटी. मग मुंबईहून रोज फोनवर पहिला प्रश्न, ब्रुनो आज कुणावर भुंकला? नवऱ्याचा कुत्र्यावर किती जीव, म्हणून सेजल बिचारी कौतुकानं सांगत बसायची. आता गणपतीला येतो सांगून हा पठ्ठ्या श्रावणातच न कळवता येऊन थडकला होता.

"गणू कधीपासनं येतो इथं?"

"भातलावणीपासनं," भाकरी थापता थापता सेजल म्हणाली. "अख्खी वाडी आली होती आपल्या खाचरात. ज्याचं शेत, त्याच्या घरी जेवण. ब्रुनोनं सगळ्यांच्या हातची भाकरी खाल्ली. आता वाडीतल्या कुणाला भुंकत नाय तो."

मंगेशला ते पटलं नाही. त्यानं ब्रुनोला साखळी लावली आणि दारोदार फिरवायला काढलं. रामजीच्या दारात ब्रुनो लाडात आला. पाण्याला निघालेल्या बायांचे हात त्यानं चाटले. म्हातारी काशीबाई तर बोळक्या तोंडानं हसली. "दुपारचा माझ्या पायाशी निजतो रे. तू काय शोधतोस त्याला घेऊन?"

मंगेशच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. परतताना तो शीळ घालत आला.

सेजल दारातच उभी होती. एवढ्या वेळात तिला सगळं उमगलं होतं, फोनवरचा तो रोजचा प्रश्नसुद्धा. ज्याची रोज वाट बघितली, त्यानंच आपल्यावर पहारा बसवला होता.

"झाली खात्री?"

"मस्करी केली गो," मंगेश हसत म्हणाला आणि त्यानं साखळी सोडली. ब्रुनो तिच्या पायाशी जाऊन बसला. मंगेशनं तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढं केला. सेजल दचकून मागं सरली.

आणि अख्ख्या वाडीत कुणावरही न भुंकलेला ब्रुनो दात विचकून मंगेशवर गुरगुरला.