अर्धा स्पंज

तपासणीच्या औषधाचे आठ थेंब टाकून पाच मिनिटं झाली, तरी नळीतलं पाणी पिवळंच राहिलं. धाकट्याने नळी पांढऱ्या कागदासमोर धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. हिरव्याची छटासुद्धा नव्हती. पिवळं म्हणजे माशांच्या अंगातून सुटणारा अमोनिया पाण्यात उरलेला नाही. हिरवं म्हणजे मासे आपल्याच विषात पोहताहेत. त्याने वहीत शून्य लिहिलं. हा बारावा दिवस होता.

तळं त्याच्या मोठ्या बहिणीचं, ताईचं होतं, तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, नऊ वर्षांपूर्वी बांधलेलं. धाकट्याचं स्वतःचं तळं चार गल्ल्या पलीकडे होतं. ते त्याने याच वर्षी खणलं. आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसला जात. उरलेल्या दिवसांत अर्धा तास फावडं आणि एक तास विश्रांती. डाव्या हातावर जोर द्यायचा नाही, कारण सुया तिथेच टोचायच्या. तरी आयुष्य कारखान्यात लेथवर गेलेला माणूस तो. खड्ड्याची कड चारही बाजूंनी एका पातळीत, दोन सुतांचाही फरक नाही.

चूकही त्याने लेथवरच्या माणसासारखीच केली. मशीन स्वच्छ ठेवायचं, एवढं त्याला ठाऊक. फिल्टरचा स्पंज तो एक दिवसाआड नळाखाली धुऊन पांढराशुभ्र करायचा. पाणी साफ करणारे जिवाणू स्पंजावरच्या त्या तपकिरी, चिकट थरातच राहतात आणि नळाच्या क्लोरीनने मरतात, हे त्याला ताईने सांगितलं. तोवर सहापैकी तीन मासे गेले होते. ताई घरी परतली, आपल्या फिल्टरमधला जुना स्पंज पावाच्या सुरीने मधोमध कापला आणि अर्धा तुकडा तळ्याच्याच पाण्यात बुडवून बादलीतून त्याच्याकडे घेऊन आली.

धाकटा चिडला. तुझे चाळीस मासे, माझे तीन, मग एवढा मोठा तुकडा कशाला, तुझ्या माशांनी काय करायचं, असं बरंच बोलला. ताईने ऐकून घेतलं आणि तुकडा त्याच्या फिल्टरमध्ये बसवला.

घेणं त्याला कधी जमलंच नव्हतं. ताई म्हणायची, याला वाटीभर साखर उसनी दिली तर हा सोबत आलेली मुंगीसुद्धा परत आणून देईल. चौदा महिन्यांपूर्वी ताईच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. तिची किडनी त्याला जुळत होती. डॉक्टरांनी समजावलं की देणाऱ्याची उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि गेलेलीचं बरंचसं काम उचलते. आलेख दाखवले. धाकट्याने ते नीट पाहिले आणि "बघू" म्हणाला. त्यानंतरही दर वेळी तेच. ताई पंचावन्नची. तिची तब्येत देण्याजोगी किती वर्षं राहील, ते कोणीच सांगू शकत नव्हतं. धाकट्याची तर महिन्यागणिक उतरत होती. ताईने आधी विचारायचं सोडलं, मग भांडायचंही.

स्पंज कापल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी नळ्यांची पेटी घेऊन ताईकडे येऊ लागला. तिसऱ्या दिवशी नळी फिकट हिरवी झाली. त्या दिवशी तो दुपारपर्यंत काठावरून उठला नाही. माशांना दाणे टाकू नकोस, असं त्याने ताईला तीनदा बजावलं. पाचव्या दिवशी हिरवा रंग विरळ झाला. सातव्या दिवशी पिवळा. ताई म्हणाली, आता माझे मासे तुला बघून तोंड फिरवतात, रोज परीक्षा घेतोस त्यांची. तो हसला नाही. दहाव्या दिवसापासून मात्र त्याने स्वतःच्या हाताने दुप्पट दाणे टाकायला सुरुवात केली, मशीनवर जास्तीचा भार देऊन बघतात तसे.

ताई चहा घेऊन बाहेर आली. त्याचा अर्धा कप, मोजून. दिवसभराच्या पाण्याचा त्याचा हिशेब तिला पाठ होता. ती शेजारच्या दगडावर बसली. गेले काही दिवस तिच्या मनात एकच धाकधूक होती, ती तिने आता बोलून टाकली.

"स्पंज परत आणून द्यायच्या विचारात आहेस ना?"

"नाही."

"मग हे रोज काय चाललंय? इथलं पाणी कशाला तपासतोस? मासे तुझे मेले होते. तुझं तळं तपास."

"माझं ठीक आहे. ते चौथ्याच दिवशी ठीक झालं." त्याने वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली. बारा आकडे होते, एकाखाली एक, सगळे तिच्या तळ्याचे. "मला तुझं बघायचं होतं."

ताईने वहीवरून बोट फिरवलं. तिसऱ्या दिवसापाशी ते थांबलं, मग खाली सरकत गेलं. शेवटचे सगळे शून्य होते, दुप्पट दाण्यांचे दिवस धरून. तिच्या फिल्टरमध्ये कापलेल्या अर्ध्या स्पंजावरून पाणी एकसारखं वाहत होतं. तिने वही मिटून दगडावर ठेवली.

धाकट्याने नळी विसळली, पुसली, पेटीत ठेवली. कप दोन्ही हातांत धरला. आयुष्यात त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे शब्द कुठून सुरू करायचे ते त्याला पटकन सुचेना.

"ताई," तो म्हणाला, "तुझी किडनी दे मला."