चपलांपाशी

बँकेचे मॅनेजर मारोतराव महाल वस्तीतल्या राममंदिरात कीर्तनाला दाराशी लोकांच्या चपला सांभाळत बसायचे. पत्नी प्रेमलताबाई चिडायच्या, "साहेब असून चपलांपाशी बसता? लोक हासून राहिले." "हासू दे वं. मन चपलेत अटकलं, तं रामात कसं लागन?" ते म्हणायचे. बाईंना वाटे, माणूस साऱ्या गावाचा झाला, आपल्या वाट्याला आलाच नाही. मारोतरावांच्या वर्षश्राद्धाच्या कीर्तनाला, ज्यांच्या विहिरींवर त्यांनी सही केलेल्या कर्जातून पंप बसले, ती माणसं सावनेरहून आली. बुवांनी गजर धरला, पण चपलांच्या काळजीनं माना दाराकडे वळत होत्या. बाई त्या दिवशीच्या मानाच्या पहिल्या रांगेतून उठल्या आणि नवऱ्याच्या जागी बसल्या. टाळ्या एका ठेक्यात आल्या. भिंतीमुळे तिथून ना राम दिसला ना बुवा. दिसली फक्त बायकांकडची खांबाजवळची जागा, जिथे त्या स्वतः एरवी दर कीर्तनाला बसत. टाळीला उचललेले हात जोडलेलेच राहिले.