दोन सेकंदांची जागा

"इथं थांब," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्यानं बोट वर केलं. "दोन सेकंद. नाव मागून भरतो."

खरं तर हे सांगायची गरज नव्हती. ज्याला सारी गल्ली भोंगा म्हणे, तो गेली बावीस वर्षं बरोबर तिथंच थांबत आला होता. "तुमच्या दारात पाणी आणणार कोण?" असं तो भरदार आवाजात विचारी आणि मनातल्या मनात दोन आकडे मोजी. त्या शांततेत रेकॉर्डिंगवाला कधी शिडी भरी, कधी किटली, तर कधी कंगवा. तिन्ही चिन्हांची नावं भोंग्याच्याच आवाजात वेगळी घेऊन ठेवलेली होती. पक्ष तीन, वचन एक. विधानसभेची निवडणूक लागली की तिन्ही पक्षांच्या गाड्या एकाच गळ्यानं एकमेकींवर ओरडत फिरत. पक्षांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांचे निम्मे उमेदवार मागच्या खेपेला दुसऱ्याच गाडीवर उभे होते.

भोंग्याच्या स्वतःच्या घरात मात्र एकोणीस दिवस नळाला पाणी नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी दिवसातून दोनदा अंग पुसून काढायला सांगितलं होतं. बायको कोपऱ्यापलीकडच्या छापखान्यातून दोन-दोन बादल्या भरून आणी. तीन मजले, अठ्ठेचाळीस पायऱ्या. भोंगा बादलीला हात लावत नसे. ओझं उचललं की गळ्याच्या शिरा ताणतात, आवाज फाटतो, आणि हंगाम तर निवडणुकीचा. बायको एकदाच म्हणाली होती, "सगळ्या मतदारसंघाला पाणी पाजता. घरात एक तांब्या तरी आणा."

पाणी कुठं अडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरची झडप दुरुस्तीसाठी म्हणून बंद केली होती आणि ती उघडायला वरून हुकूम येत नव्हता. आमदारसाहेबांच्या एका फोनचं काम. तेच आमदार, म्हणजे यंदाचे शिडीचे उमेदवार, संध्याकाळी गल्लीत सभा घेणार असं कळलं तेव्हा बोलायला भोंग्यानंच उभं राहायचं असं ठरलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं त्याला जिन्यात गाठून बजावलं की, तुझा आवाज ऐकून कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, तेव्हा साहेबांकडून तेवढी तारीख वदवून घे. आश्वासन घेऊन येऊ नकोस, ते आमच्याकडे भरपूर आहे.

भोंग्यानं जाहिरातीच्याच एका कागदाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या आणि आईला वाचून दाखवल्या. आईनं कुशीवर पडल्या पडल्या ऐकल्या.

"तारीख आधी माग रे. लोक शेवटपर्यंत ऐकत नाहीत."

"वजन शेवटी द्यायचं असतं, आई," भोंगा म्हणाला. एवढं तरी त्याला धंद्यातलं कळत होतं.

सभेत माइक हातात आला. स्वतःचं असं तो आजवर माइकवर काही बोललाच नव्हता. तरी सुरुवात झाली. एकोणीस दिवस झाले, तो म्हणाला. माझ्या आईच्या पाठीला जखमा आहेत आणि त्या पुसायला घरात पाणी नाही. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. आमदारांनी फोनमधून मान वर काढली. भोंग्याला वाटलं, जमतंय.

"आमच्या दारात पाणी आणणार कोण?" त्यानं विचारलं.

पुढची ओळ कागदावर होती. 'आणि कोणत्या तारखेला?' पण वाक्य त्या ठिकाणी पोचलं आणि बावीस वर्षांची जीभ आपोआप थांबली. एक. दोन.

"शिडी!" व्यासपीठावरून कुणीतरी ओरडलं. लगेच मागून ढोल वाजला, शिट्ट्या झाल्या, आणि ज्यांच्या पदराला अजून ओल होती त्यांनीही टाळ्या पिटल्या. आमदारांनी धावत येऊन भोंग्याला मिठी मारली. माइक कधी काढून घेतला गेला ते त्याला कळलंही नाही. "तारीख," तो साहेबांच्या खांद्यात तोंड असताना म्हणाला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. गर्दीच्या टोकाला शिंपी कपाळाला हात लावून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. सभेचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी फोनवरून किटलीवाल्यांकडे गेलं होतं, तिथून कंगवावाल्यांकडे. शिडी तेवढी कापून ज्यानं त्यानं आपापलं चिन्ह बसवून घेतलं होतं. "आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं काम," तो म्हणाला. "आईचा तुकडा तर अगदी खरा वाटतो."

भोंग्यानं फोन ठेवला. बायको मोरीत रिकाम्या बादल्या विसळण्याऐवजी कोरड्याच फडक्यानं पुसत होती. आईचा रात्री डोळा लागला होता, कालचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग काय ठरलं रे?" आईनं विचारलं. "पाणी आणणार कोण?"

भोंग्यानं तोंड उघडलं आणि तसाच थांबला. खालच्या रस्त्यावरून त्याच्याच आवाजात उत्तर आलं, "किटली!" मागच्या गाडीनं त्यावर ठणकावलं, "कंगवा!"

बायकोनं दोन्ही बादल्या उचलल्या आणि ती जिना उतरू लागली.