दोघींची हिरडी

चिमटा लागताच उज्ज्वलाचा खालचा दात हलला. डॉ. सबनीसांनी हात मागे घेतला.

"हिरडीची शस्त्रक्रिया तुमच्या आईची झाली. तुमचा दात का हलतोय?"

दोघींच्या हिरड्यांत जखम भरून काढणाऱ्या एकाच हायलुरॉनिक जेलचे दोन भाग बसवलेले होते. आईची जखम लेकीच्या निरोगी हिरडीच्या बळावर भरत होती, आणि एकीच्या तोंडात जे जाई ते दुसरीलाही लागे.

"जेलमध्ये तंबाखू दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही लावत असाल, तर बंद करा, भागेल. आई लावत असतील, तर ती थेट जखमेत जातेय; त्यांचं जेल आजच काढावं लागेल. मग त्यांचे दात राहणार नाहीत."

शेजारी बसलेल्या आईनं, शेवंताबाईंनी, उजवा हात पदराखाली घेतला. भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीनं काळं झालेलं ते बोट उज्ज्वला लहानपणापासून ओळखत होती.

"मीच लावते," ती घाईनं म्हणाली.

शेवंताबाईंनी हात बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"खोटं बोलतीया, डॉक्टर. तलफ आली म्हणून मीच लावली, एकदाच. मग ही म्हणाली, आई, भाकरी चावताना रक्त येतंय. मिश्रीनं दात घट्ट होत्यात ना? म्हटलं, मी लावली की हिलाबी लागंल. म्हणून मग दर जेवणामागं लावत गेले."

शेवंताबाईंनी लेकीला दंडाला धरून उठवलं, स्वतः खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडलं.