सुकटीचा वास

“बाबा, आज मळमळलंच नाही. पोटातलं नीट असेल ना?” नमिता रडवेली झाली. तिसरा महिना चालू होता. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, “मळमळ कमी-जास्त होते. पोटात दुखलं, रक्त गेलं तर लगेच या. नाहीतर गपगुमान जेवा.” नमिताला ते पटेना. “आई असती तर तिला कळलं असतं.”

भास्कर उठला. बायको गेल्यापासून वर्षभर त्याने घरात सुकट भाजली नव्हती. आज तवा तापवून मूठभर टाकली. वास सुटताच नमिता मोरीकडे पळाली आणि तोंड पुसत, परीक्षा पास झाल्यासारखी परत आली. “ओकले, बाबा!”

भास्कर बायकोच्या फोटोकडे वळला. “पोरगी तुझ्यावरच गेली गं. तू मात्र हिच्या वेळी, सुकटीच्या वासानं, माझ्या नव्या चपलेत ओकली होतीस.”

मग त्याने भाकरी घेतली आणि सगळी सुकट एकट्याने संपवली.