अर्धी गाठ

"दोर ओढ ना, दिग्या!" गुळगुळीत, तिरक्या कातळावर चाळीस फुटांवर हेरंबचे पाय निसटत होते. धरायला खाच नव्हती. सगळा भरवसा बुटांच्या तळव्यांवर.

"ओढणार नाही!" माथ्यावर ठोकलेल्या कडीतून आलेला दोर खाली सांभाळत दिगंबर ओरडला. "पोट कातळापासून लांब घे, रेड्या. तीस वर्षं चढतोयस आणि पालीसारखा चिकटलास?"

"पडलो तर तुझ्या डोक्यावर पडेन!"

"पडायलाही अक्कल लागते. ताठ उभा राहा."

संतापून हेरंब ताठ झाला. वजन पावलांवर आलं आणि बूट धरू लागले. मनात शिव्या देत तो माथ्यावर पोचला.

स्वतःला कडीला अडकवल्यावर त्याने कमरेचा दोर पाहिला. गाठ अर्धीच होती. दोर ओढला असता तर सुटून आली असती. बांधताना दिगंबरने त्याच्या पोटावर विनोद केला होता आणि हेरंब उत्तर द्यायला वळला होता. आणि गाठ तपासणं दोघांनाही नवशिक्यांचं काम वाटत आलं होतं.

"गाठ दिसली म्हणूनच ओढला नाहीस ना? तेव्हाच बोलला का नाहीस?" हेरंब वरून ओरडला.

"तू कातळाला मिठी मारून घसरला असतास, गाढवा," दिगंबर खालून म्हणाला. त्याच्या मुठीतून दोर मात्र अजून सुटत नव्हता.