गिअरची खरखर

मिलिंदच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे गिअर महिनाभर खरखरत होते. ओरछा गेटजवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने क्लचप्लेट बदलली, गिअरबॉक्सही उघडून पाहिला. "भाईसाहब, गाडी में कोई खराबी नहीं है," तो म्हणाला.

घरी परतताना पुन्हा तीच खरखर. मिलिंदने वैतागून गाडी बाजूला घेतली.

"थांब, मी चालवून बघते," शेजारी बसलेली त्याची बायको मयुरा म्हणाली. तिच्या हाती सगळे गिअर अलगद पडले. पुढच्या वळणावर तिने गाडी थांबवली. तिचा चेहरा उतरला होता.

"आता तू बस. क्लच अर्धवट दाबला की गिअर खरखरतात. पूर्ण दाब."

तो बसला. मयुरा वाकून त्याच्या डाव्या पायाकडे बघत राहिली. पेडल जेमतेम अर्ध्यावर गेलं होतं.

"दाब ना, मिलिंद."

"अगं, पूर्ण दाबलाय की!"